रॉड सगळ्यात शेवटी निवडा: ब्रीम आणि सॉफ्ट प्लॅस्टिकबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार दादा. मी सिडनीत राहतो, जॉर्जेस रिव्हर घरापासून जवळ आहे म्हणून जवळजवळ दर शनिवारी तिथेच असतो. आत्तापर्यंत कोळंबी लावून जुन्या ८ फुटी जाड रॉडवरच मासे काढलेत, त्यात ब्रीमही आले. आता सॉफ्ट प्लॅस्टिकने, म्हणजे मऊ खोट्या आमिषाने, ब्रीम धरायचाय. दुकानात तीन रॉड दाखवले, १-३ किलोचा ७ फुटी, २-४ किलोचा ७ फुटी आणि ३-६ किलोचा साडेसहा फुटी. दुकानदार म्हणाला तिसरा घ्या, त्यावर फ्लॅटहेड मासापण निघेल आणि मोडायची भीती नाही. रील वेगळी घेणार आहे, नुसत्या रॉडला दीडशे डॉलरपर्यंत ठेवलेत. कुठला घेऊ? — एक वाचक, सिडनी

उत्तर: २-४ किलोचा ७ फुटी घ्या. पण का ते सांगितल्याशिवाय सोडत नाही, कारण पुढचा रॉड घ्यायची वेळ येईल तेव्हा तुम्हाला कुणाला विचारायची गरज पडू नये असं मला मनापासून वाटतं.

आपण सगळे खरेदी उलटी करतो. आधी रॉड आवडतो, मग त्याला शोभेल अशी रील, मग दुकानात समोर जी लाइन असेल ती, आणि शेवटी नदीवर उभं राहून जिगहेड (डोक्याशी वजन असलेला गळ) बांधायला घेतलं की कळतं हे फेकलंच जात नाहीये. त्यापेक्षा माशाच्या तोंडापासून सुरू करा आणि मागे मागे या. ब्रीमचं तोंड लहान असतं, म्हणून प्लॅस्टिक २ ते ३ इंचांचं. ते प्लॅस्टिक पाण्यात कसं पडलं पाहिजे तर हळू, अगदी मेलेली कोळंबी किंवा खडकावरून सुटलेला बारका खेकडा पडतो तसं, कारण ब्रीम बऱ्याच वेळा आमिष खाली जात असतानाच उचलतो. हळू पडायला हवं म्हणजे जिगहेड हलकं हवं. दीड-दोन मीटर शांत पाणी असेल तर साधारण १ ग्रॅम, तीन-चार मीटरला १.८ ग्रॅम, म्हणजे पाकिटावर १/१६ औंस लिहिलेलं असतं ते, आणि पुलाखाली ओढ असेल किंवा पाणी खोल असेल तर ३.५ ग्रॅम म्हणजे १/८ औंस. आता एवढंसं वजन लांब जायला लाइन बारीक लागते, ४ ते ६ पाउंडाची ब्रेडेड म्हणजे धागे विणून केलेली, आणि पुढे ६ पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाच्या बाजूला जोडायचा वेगळ्या लाइनचा तुकडा. इथपर्यंत आलात की रॉड आपोआप ठरतो, बारीक लाइन आणि तीन-चार ग्रॅमचं एकूण वजन ज्याचं टोक वाकवू शकतं असा रॉड.

आता तुमचा तिसरा रॉड बघा. ३-६ किलोचा रॉड १.८ ग्रॅमच्या जिगहेडने वाकतच नाही, आणि वाकला नाही तर फेकणार कोण, सगळी ताकद हाताने लावावी लागते आणि तरी प्लॅस्टिक समोरच पडतं. मग माणूस कंटाळून जड जिगहेड लावतो, ते धप्पकन तळाला जातं, ब्रीम त्याच्याकडे बघतही नाही, आणि दोन महिन्यांनी तो माणूस सगळ्यांना सांगत फिरतो की प्लॅस्टिकवर ब्रीम येत नाही. मी असे बरेच जण बघितलेत आणि मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण मासा तिथेच असतो.

एक गैरसमज पत्रांतून सारखा येतो तो इथेच काढून टाकतो. रॉडवर लिहिलेलं २-४ किलो म्हणजे २ ते ४ किलोचा मासा नव्हे, तर त्या रॉडला किती ताकदीची लाइन शोभते तो आकडा आहे. काही रॉडांवर हाच आकडा पाउंडात असतो, २-४ किलो म्हणजे साधारण ४-८ पाउंड, १-३ किलो म्हणजे २-६ पाउंड. ब्रीम १ किलोचा मिळाला तरी माणसं वर्षभर सांगतात, एवढा तो मोठा. आणि फ्लॅटहेडची काळजी करू नका, ६ पाउंडाची लाइन, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारी रीलची पकड) लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर म्हणजे ७०० ते ९०० ग्रॅमच्या आसपास, आणि थोडा धीर, यावर चांगला फ्लॅटहेड निघतो, फक्त त्याच्या दातांवर लीडर घासून तुटू शकतो, तो दोष रॉडचा नाही.

मग १-३ किलोचा का नको? उघड्या वाळूच्या उथळ पाण्यावर, १ ग्रॅमच्या जिगहेडला, तो खरंच जास्त गोड लागतो. पण तुमच्या नदीत पुलाचे खांब आहेत, पाँटून म्हणजे तरंगते धक्के आहेत, कालवं चिकटलेले खडक आहेत, आणि ब्रीम लागला की पहिल्या दोन सेकंदांत तो तिकडेच पळतो. तिथे मागच्या अर्ध्या रॉडमध्ये दम लागतो. २-४ किलोच्या चांगल्या रॉडचं टोक मऊ असतं आणि कंबर घट्ट असते, एकच रॉड ठेवायचा तर हाच.

किलोच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे रॉड कुठे वाकतो. फास्ट ॲक्शन म्हणजे वरच्या एक तृतीयांशात वाकतो, मॉडरेट म्हणजे मधूनच वाकायला लागतो. प्लॅस्टिकला एकच गळ असतो आणि ब्रीमचा जबडा टणक, शिंपले-कालवं फोडायला आत दाढांसारखे दात, त्यात गळ रुतवायला फास्ट लागतो. पण एक्स्ट्रा फास्टच्या मागे लागून काठीसारखा ताठ रॉड घेऊ नका, ब्रेडेड लाइन जवळजवळ ताणतच नाही म्हणजे माशाच्या हिसक्याला गादी फक्त रॉडचं टोक आणि ड्रॅग एवढीच उरते, टोक ताठ असलं की काठाजवळ आलेला मासा शेवटच्या धडपडीत सुटतो.

दुकानात जाताना स्वतःची रील घेऊन जा, १००० ते २५०० आकारांमधली कुठलीही जी वापरणार आहात ती. रॉडला लावा आणि रीलच्या पायाच्या किंचित पुढे एका बोटावर तोला. टोक जड होऊन खाली झुकत असेल तर तीन तासांनी मनगट दुखणार हे नक्की, आणि प्लॅस्टिकच्या मासेमारीत रॉड पूर्ण वेळ हातात असतो, स्टँडवर नाही. मग रिंगांतून लाइन ओवून टोकाशी मित्राला धरायला सांगा, हळूहळू ओढायला सांगा आणि वाक कसा चढत जातो ते बघा, छान गोल चढला पाहिजे, मध्ये कुठे कोन दिसायला नको. हवेत फटफट हलवून काही कळत नाही आणि टोक छताला टेकवून वाकवायचं तर चुकूनही करू नका, रॉड त्यासाठी बनलेला नसतो. दीडशे डॉलरात ग्रॅफाइटचा म्हणजे कार्बन धाग्यांचा, सिंगल फूट (एका पायाच्या) रिंगांचा, दोन तुकड्यांचा उत्तम रॉड येतो. त्याच्या वर जे पैसे जातात ते बहुतेक वजन कमी करायला आणि फिनिशिंगला. वाईट नाही ते, पण पहिल्या रॉडला गरज नाही.

प्रश्न: काका, मी मेलबर्नला मॅरिबरनाँग नदीवर ब्लॅक ब्रीमच्या मागे आहे. रॉड २-४ किलोचाच आहे, ठीकठाक कंपनीचा. रीलवर ६ पाउंडाची नायलॉन लाइन आहे. पण मला बाइट कळतच नाहीत, प्लॅस्टिक बाहेर काढतो तर शेपूट कुरतडलेली. सोबतचे म्हणतात तुझा रॉड मुका आहे, चारशे डॉलरचा हाय मॉड्युलस (जास्त ताठ ग्रॅफाइटचा) घे म्हणजे हाताला सगळं कळेल. घ्यावा का? — एक वाचक, मेलबर्न

उत्तर: नको, आत्ता तरी नको. तुमच्या पत्रात रॉडच्या आधी एक गोष्ट खटकली ती म्हणजे नायलॉन. नायलॉन ताणतं, वीस मीटरवर ब्रीमने शेपटीला तोंड लावलं तर ती टकटक वाटेतच विरून जाते. तुम्ही चारशेचा रॉड आणलात आणि त्यावर हीच लाइन ठेवलीत तरी हाताला फार फरक लागणार नाही. ब्रेडेड लाइन भरा, पुढे रॉडच्या लांबीएवढा म्हणजे दोन मीटरच्या आसपास फ्लुरोकार्बन लीडर बांधा, पाणी स्वच्छ असेल तर ४ पाउंड, नाहीतर ६. जोडाला एफजी गाठ शिका, घरी टीव्हीसमोर बसून वीस-तीस वेळा बांधा, ती इतकी सपाट असते की बारीक रिंगांतून अडकल्याशिवाय जाते. जमत नसेल तोवर डबल युनी बांधा, फक्त ती गाठ जाडी होते, म्हणून फेकताना टोकाच्या रिंगेच्या बाहेर राहील एवढाच लीडर ठेवा.

आणि आता जे सांगतो ते रॉडपेक्षा मोठं आहे. ब्रीमचे निम्मे बाइट हाताला लागतच नाहीत, कुठल्याही रॉडवर. प्लॅस्टिक खाली जात असताना लाइन ढिली असते, ढिल्या लाइनवर हाताला काय कळणार, तिथे डोळे लागतात. प्लॅस्टिक पाण्यात पडलं की लाइन जिथे पाण्यात शिरते तिथे नजर ठेवा. खाली जाता जाता ती मध्येच थांबली, किंवा बाजूला सरकली, किंवा एकदम टचकन उडाली तर तो मासा आहे. म्हणून लाइन पिवळी किंवा गुलाबी घ्या, दिसली पाहिजे, मासा बघतो तो लीडर, लाइन नाही. पोलराइज्ड चष्मा लावा. आणि तळाला पोचल्यावर लगेच हलवू नका, मनात दहा आकडे मोजा, मग टोक अगदी वीतभर उचला, परत सोडा, परत थांबा. हिवाळ्यात तर वीस मोजा. नवीन माणसाला सगळ्यात अवघड काय जात असेल तर हे थांबणं.

शेपूट कुरतडली जातेय याचा अर्थ मासा आहे आणि त्याला वस्तू पसंत आहे, अर्धं काम झालंय. प्लॅस्टिक आखूड करा, पुढून डोक्याकडून अर्धा इंच कापून मग जिगहेडवर चढवा म्हणजे गळाचं टोक शेपटीच्या जवळ येतं. टकटक झाली की झटका देऊ नका, तेवढ्यात तो नुसता चाखत असतो. वजन लागलं, लाइन चालायला लागली, की मग रॉड शांतपणे बाजूला ओढा आणि सोबत रील फिरवा. इथे तुमच्या रॉडचं मऊ टोक उलट फायद्याचंच आहे, ब्रीमला ओढ जाणवत नाही म्हणून तो एक क्षण जास्त धरून ठेवतो.

हाय मॉड्युलस ग्रॅफाइटबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, ते जास्त ताठ असतं म्हणून त्याच ताकदीला कमी माल लागतो, रॉड हलका आणि बारीक होतो, टकटक लवकर पोचते, हे सगळं खरंय. पण भिंत पातळ असल्याने ठोकर सोसत नाही, खडकावर आपटला किंवा जड जिगहेड फेकताना रॉडवर बसलं की तिथे न दिसणारी चीर पडते आणि पुढे कधीतरी मासा लागलेला असताना तिथूनच तुटतो. तुम्ही वर्षभर ब्रेडेड लाइनवर, लाइनकडे बघत मासे धरा, मग घ्या, तेव्हा त्या चारशे डॉलरांतलं काय तुम्हाला मिळतंय ते तुम्हाला स्वतःला कळेल.

(गल्प नावाचं मऊ आमिष वापरत असाल तर वापरून झाल्यावर गळावर तसंच ठेवू नका, सुकून दगडासारखं होतं, काढताना गळ वाकतो. आणि झीमॅन कंपनीचं ताणणारं प्लॅस्टिक दुसऱ्या कंपनीच्या प्लॅस्टिकसोबत एका डब्यात ठेवलंत तर दोन्ही वितळून चिकटतात, त्यांची त्यांच्याच पाकिटात ठेवा.)

प्रश्न: फॉर्स्टरला वॉलिस लेकमध्ये कालवांच्या रॅकजवळ ब्रीम मोठे आहेत पण मी मागच्या दोन वेळा मिळून लाइन तुटून नऊ मासे घालवून बसलो. १-३ किलोचा रॉड, ६ पाउंड लीडर. काय बदलू? — एक वाचक, न्यू साउथ वेल्स

उत्तर: सगळंच बदला, आणि बदलेपर्यंत कृपा करून रॅकवर जाऊ नका, कारण तुटलेला प्रत्येक मासा तोंडात गळ आणि मागे लोंबणारी लाइन घेऊन फिरतो, ती रॅकला अडकली तर तो सुटत नाही. रॅक म्हणजे पाण्यात उभ्या खांबांचं आणि आडव्या फळ्यांचं जंगल आणि त्याला सुरीसारखी धार असलेली कालवं, तिथे मासा खेळवणं हा प्रकारच नसतो, पहिल्याच क्षणाला त्याचं तोंड आपल्याकडे वळलं तर वळलं.

३-५ किलोचा रॉड घ्या, मुद्दाम फास्ट टोकाचा पण मागून दणकट. ब्रेडेड लाइन १० पाउंड, लीडर १० ते १२ पाउंड, जरा जाडसर दिसतो पण रॅकवरचे ब्रीम तेवढ्यावरून नाराज होत नाहीत, ते वार करूनच घेतात. ड्रॅग जवळजवळ बंद. गळ मात्र जाड तारेचा बघा, नाहीतर एवढ्या ओढीत बारीक गळ सरळ होतो. फेक रॅकच्या आत नको, कडेला समांतर, आणि पाणी उतरत असताना जा, भरतीला वर गेलेला मासा खाली येऊन कडेला थांबतो. आणि ती जागा कुणाच्या तरी पोटापाण्याची शेती आहे, रॅकला बोट बांधायची नाही, अडकलेला गळ ओढून ट्रे हलवायचे नाहीत.

वर सिडनीच्या वाचकांना मी २-४ किलोचा एकच रॉड पुरेल असं म्हटलं, त्याला हा एक अपवाद. रॅकला वेगळा रॉडच लागतो.

प्रश्न: पर्थला स्वॉन रिव्हरमध्ये कयाकवरून ब्लॅक ब्रीम करते. ७ फूट ६ इंचाचा रॉड आहे, लांब फेक जाते पण कयाकमध्ये मूठ सारखी लाइफ जॅकेटला अडकते आणि मासा जवळ आला की पकडता येत नाही. शिवाय मला प्लॅस्टिकसोबत छोटे हार्ड बॉडी ल्युअर (कडक खोटे मासे) पण टाकायचे असतात. एकाच रॉडवर दोन्ही होईल का? — एक वाचिका, पर्थ

उत्तर: ताई, तुमची अडचण रॉडच्या लांबीपेक्षा मुठीच्या लांबीची जास्त आहे. काठावरून फेकणाऱ्याला लांब मूठ बरी, दोन्ही हातांनी फेकता येतं, पण बसून मासेमारी करणाऱ्याला रीलच्या मागे कोपरापर्यंत पोचेल त्याहून जास्त मूठ नकोच. नवीन घेताना दुकानात खुर्चीवर बसा, शक्य असेल तर जॅकेट घालून बसा, आणि रॉड डावी-उजवीकडे फिरवून बघा. लांबी ६ फूट ६ इंच ते ७ फूट. त्याहून आखूड मात्र करू नका, मासा कयाकच्या नाकाखालून दुसऱ्या बाजूला गेला तर टोक पुढून वळवायला तेवढी लांबी लागतेच. आणि लांब दांड्याचं जाळं ठेवा, मासा जवळ आला की रॉड मागे न्यायचा आणि जाळं पुढे, रॉड उभा करून मासा ओढायचा नाही.

दोन्ही एका रॉडवर होतं पण थोडी तडजोड आहे. हार्ड बॉडीला बारीक ट्रेबल (तीन टोकांचे) गळ असतात, ते मासा वळतो तेव्हा स्वतःच लागतात, तिथे झटका देणारा ताठ रॉड असला की तोंड फाटून गळ सुटतो, म्हणून त्याला मधूनच वाकणारा मऊ रॉड बरा. प्लॅस्टिकला त्याच्या उलट. एकच ठेवायचा तर १-३ किलोचा, फास्ट पण टोक खरंच मऊ असलेला घ्या, आणि हार्ड बॉडी टाकताना ड्रॅग दोन टिचक्या सैल करा. कयाकवर १-३ किलोचा चालून जातो कारण मासा ओढतो तेव्हा कयाकच त्याच्यामागे थोडी सरकते, तेवढाच लाइनवरचा ताण कमी. दोन रॉड नेता येत असतील तर अर्थातच दोन न्या, एकावर प्लॅस्टिक बांधलेलं आणि एकावर ल्युअर, गाठी बदलण्यात सकाळचा चांगला तास जात नाही.

प्रश्न: काका मी १३ वर्षांचा आहे, ब्रिस्बेनला राहतो. माझ्याकडे साठवलेले ७० डॉलर आहेत. बाबा म्हणतात दुमडून बॅगेत जाणारा टेलिस्कोपिक घे. त्यावर प्लॅस्टिकने ब्रीम मिळेल का? लायसन्स लागतं का? — एक छोटा वाचक

उत्तर: तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. टेलिस्कोपिकवर मासा मिळतो, कोळंबी लावून तर छान मिळतो, पण प्लॅस्टिकला तो घेऊ नकोस. त्याला जितके तुकडे तितके जोड, टोकाला रिंगा कमी, आणि १-२ ग्रॅमचं जिगहेड फेकायला जे मऊ एकसारखं वाकणं लागतं ते त्याला येत नाही. बाबांना सांग की दोन तुकड्यांचा रॉडपण गाडीत आरामात जातो, आजचे दोन तुकड्यांचे रॉड एकसंध रॉडइतकेच चांगले असतात.

७० डॉलरमध्ये रॉड आणि रील एकत्र मिळतात तसा कॉम्बो बघ, साडेसहा फुटी, २-४ किलोचा, १००० किंवा २००० ची रील. ग्रॅफाइटमध्ये थोडं फायबरग्लास मिसळलेला असेल तर उत्तम, जरा जड असतो पण पडला-आपटला तरी सहन करतो आणि सुरुवातीची दोन वर्षं तो पडणार आहेच. रील फिरवताना ड्रॅग धक्के देत नाही ना ते हाताने लाइन ओढून बघ. रीलवरची जाड लाइन काढून त्यावर ६ पाउंडाची बारीक लाइन भरायला दुकानातच सांग, पैसे उरले नाहीत तर आत्ता नायलॉन चालेल, ब्रेडेड वाढदिवसाला माग. एक पाकीट अडीच इंची प्लॅस्टिक, एक पाकीट १/१६ औंसची जिगहेड, बस झालं. पाँटूनच्या सावलीत, पुलाच्या खांबाजवळ, सकाळी लवकर.

तुझ्या क्वीन्सलँड राज्यात समुद्रात आणि खाडीत रॉडने मासे धरायला लायसन्स लागत नाही. पण माप लागतं, ब्रीम २५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत सोडायचा, म्हणून मापाची पट्टी सोबत ठेव. (बाकी वाचकांसाठी, न्यू साउथ वेल्समध्येही २५ सेंटिमीटर आणि माणशी दिवसाला १० मासे, व्हिक्टोरियात २८ सेंटिमीटर आणि १० मासे, आणि या दोन्ही राज्यांत मोठ्यांना फी भरावी लागते. नियम बदलतात, निघायच्या आधी राज्याच्या मत्स्य विभागाचं चालू पत्रक बघत जा.) सोडताना हात ओला कर, पाठीवरचे काटे टोचतात म्हणून ते मागे दाबून धर, पाण्यात हळूच सोड, फेकू नकोस. ब्रीम फार सावकाश वाढतो, २५ सेंटिमीटरचा व्हायला त्याला कित्येक वर्षं लागलेली असतात.

आणि एक गोष्ट बाबांनाही वाचून दाखव. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली रॉड उभा करून चालायचं नाही, आणि लांबवर जरी गडगडलं तरी रॉड खाली ठेवून आत जायचं.

प्रश्न: सात महिन्यांपूर्वी घेतलेला १-३ किलोचा रॉड जेटीवर मासा वर घेताना टोकापासून फूटभरावर तुटला. ब्रीम साधारण ३२-३३ सेंटिमीटरचा, म्हणजे काही राक्षस नव्हता. दुकान म्हणतं तुमची चूक, वॉरंटीत बसत नाही. एवढ्याशा माशाने रॉड तुटतो म्हणजे मालच खराब ना? — एक वाचक, ॲडलेड

उत्तर: तुमचं दुःख मला कळतं, माझा पहिला चांगला रॉड अगदी असाच, जेटीवर, असाच टोकापासून हातभर अंतरावर गेला आणि मी कितीतरी दिवस कंपनीलाच दोष देत होतो. पण बघा काय होतं. मासा पाण्यात असतो तेव्हा त्याचं वजन पाणी पेलतं आणि ओढ पूर्ण रॉडभर पसरते. तुम्ही जेटीवरून रॉड उभा करून त्याला हवेत उचललंत की ६००-७०० ग्रॅमचा मासा लोंबकळतोय, वर धडपडतोय, आणि रॉड इतका उभा की सगळा वाक वरच्या फूटभर तुकड्यात आलेला. तो तुकडा असतो जेमतेम अगरबत्तीएवढा जाड. १-३ किलोच्या रॉडने मासा उचलायचाच नसतो. जेटीवरून करायचं तर दोरीला बांधून सोडायचं गोल जाळं मिळतं ते घ्या, किंवा मासा थकवून काठाच्या पायऱ्यांपर्यंत चालवत न्या.

तरीही एक शक्यता तपासा. तुटलेली जागा नीट बघा, धागे सरळ आणि स्वच्छ तुटलेत की एका बाजूला चेचलेले, पांढरट दिसतायत. चेचलेलं असेल तर आधी कधीतरी ठोकर बसली होती, गाडीच्या दारात, टॅकल बॉक्सखाली किंवा जिगहेड लागून. बॉक्समधून काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच तुटला असता तर मी दुकानाशी भांडा म्हटलं असतं, सात महिने मासे काढून झाल्यावर ते पटवणं अवघड आहे. विचारून बघा, काही कंपन्या वॉरंटी नसली तरी वरचा तुकडा कमी किमतीत देतात, दोन तुकड्यांच्या रॉडचा हा मोठा फायदा. नुसतं टोक चार बोटं तुटलं असतं तर नवीन टोकाची रिंग चिकटवून काम भागलं असतं, पण फूटभर गेला म्हणजे तो मऊ भागच गेला, त्या रॉडवर आता १ ग्रॅमचं जिगहेड फेकलं जाणार नाही.

पुढच्या रॉडसाठी दोन सवयी लावून घ्या. घरी आल्यावर गोड्या पाण्याने पुसून घ्या, जोर लावून पाइप मारू नका, नुसतं ओल्या फडक्याने, रील-सीट आणि रिंगांच्या पायाशी मीठ साचतं तिथे जास्त लक्ष द्या, आणि दोन तुकडे वेगळे करूनच ठेवा नाहीतर जोड अडकून बसतो. आणि महिन्यातून एकदा कापसाचा बड घेऊन प्रत्येक रिंगेच्या आतून फिरवा. कापूस जिथे अडकून धागा निघेल त्या रिंगेला चीर आहे, ती ब्रेडेड लाइनला रोज थोडी थोडी कापत असते आणि आपल्याला वाटतं की मासा फार ताकदीचा होता.